सोसिमोच्या गळ्यातलं कार्ड

सोसिमो कोचाचिनला चाक्रापाम्पा गावात त्याच्या नावानं हाक मारणारी दोनच माणसं होती, त्याची बायको निकोलासा आणि चर्चचा पाद्री. बाकी सगळ्यांसाठी तो मांचाली. आमच्या केचुआ भाषेत मांचाली म्हणजे भित्रा, आणि ते नाव त्याला मापानं शिवल्यासारखं बसलं होतं. कुत्रं गुरगुरलं की तो निकोलासाच्या मागं जाई. पूल ओलांडताना दोन्ही हातांनी कठडा धरी. वीज कडाडली की पांघरुणात शिरे आणि निकोलासा वैतागून म्हणे, "शीर, शीर. मी आहेच बाहेर जळायला!"

पण या भीती म्हणजे चिल्लर. खरी भीती एकच, पाण्याची.

लहानपणी तो उतारावर मेंढ्या राखत होता आणि खाली ओढ्याला त्याची आई आणि थोरली बहीण एम्पेरात्रिस लोकर धूत होत्या. वरच्या एका तळ्याचा बांध फुटला. आधी वास आला, खोल खणलेल्या ओल्या मातीचा. मग पायाखालची जमीन थरथरायला लागली. सोसिमो ओरडला. निदान त्यानं तोंड उघडलं एवढं त्याला आठवत होतं. आवाज फुटला की नाही, हे त्याला जन्मभर कळलं नाही. चिखल, धोंडे आणि झाडं घेऊन पाणी वळणावरून आलं आणि गेलं. मागं ओढ्याच्या काठी ना आई होती, ना बहीण, ना काठ.

तेव्हापासून त्याच्या मनात ते पाणी येतच राहिलं. भित्यापाठी ब्रह्मराक्षस म्हणतात, तसं त्याच्यामागं तळं लागलं होतं.

चाक्रापाम्पाच्या डोक्यावर केल्वाकोचा आहे. बर्फाच्या कड्याखालचं मोठं तळं, पुढं नुसता माती-दगडांचा बांध. एके वर्षी परदेशी प्रकल्पाची माणसं आली. त्यांनी तळ्यात पाणी मोजणारा दांडा बसवला, बांधाच्या खांद्यावर पत्र्याची खोली बांधली, खोलीत एक कॉम्प्युटर ठेवला आणि गावातल्या शाळेच्या छपरावर भोंगा. तळं अचानक चढलं किंवा उतरलं, की कॉम्प्युटर रेडिओवरून भोंग्याला सांगणार आणि भोंगा गावाला. काम सोपं होतं, पण त्या पेटीची निगा राखायला कोणीतरी वर राहायला हवं होतं. बॅटऱ्या बघायच्या, सौरपट्टीवरचं बर्फ पुसायचं, आणि गारठ्यात एकट्यानं बसायचं.

ग्रामसभेत कोणी हात वर करेना. तेव्हा गावाचा अध्यक्ष फोर्तुनातो तारासोना हसत म्हणाला, "मांचालीला पाठवा की! पाण्याला यायचं असेल तर ते आधी त्याच्या स्वप्नात येईल."

सभा खदखदली. सोसिमोला नाही म्हणायचं होतं. पण सगळ्या गावासमोर नाही म्हणायचीही त्याला भीती वाटली.

असा तो वर गेला आणि वरच राहिला. रविवारी खाली यायचा, सोमवारी भाजलेला मका, उकडलेले बटाटे आणि चघळायला कोकाच्या पानांची पिशवी घेऊन पुन्हा चढायचा. प्रकल्पाची माणसं पुढं निघून गेली ती गेलीच. पेटी मात्र चालू राहिली. तिच्या पोटात हार्ड डिस्क घरघरायची, मधूनच कटकट करायची. सोसिमोला तो आवाज घरातल्या म्हाताऱ्या माणसाच्या खोकल्यासारखा वाटायचा. खोकतंय, म्हणजे आहे.

सुरुवातीला त्या खोलीत एक लाल बटणही होतं, हातानं भोंगा वाजवायचं. एका धुक्याच्या दिवशी हाताचा पंजा दिसत नव्हता, आणि त्या पांढऱ्या आंधळेपणातून तळ्याच्या बाजूनं असा गडगडाट झाला की सोसिमोच्या पाचावर धारण बसली. त्यानं बटण दाबलं. खाली लग्नाची पंगत बसली होती. नवरानवरीसकट सगळं गाव टेकडीकडे पळालं. पळताना म्हातारी दोनातिला पडली आणि तिच्या मांडीचं हाड मोडलं. धुकं निवळलं तेव्हा कळलं, बर्फाचा एक तुकडा कड्यावरून सुटून कड्याच्याच कपारीत पडला होता. तळं आरशासारखं होतं.

दोनातिला पुढं काठी टेकत चालू लागली, आणि दर रविवारी चर्चच्या दारात सोसिमो दिसला की काठी उगारायची. सभेनं बटण काढून टाकलं.

"आता पेटी सांगेल तेव्हाच गाव पळेल," फोर्तुनातो म्हणाला. "पेटीला छाती नाही, म्हणून तिची धडधडत नाही."

आणि मग ती पेटी आजारी पडली.

घरघर बदलली. आधी कण्हल्यासारखी, मग दात खाल्ल्यासारखी. पडद्यावरचे आकडे अडकायचे, मग एकदम धावायचे. एका सकाळी ती सुरूच होईना. सोसिमोनं तिच्याभोवती अंगावरचा लोकरी पोंचो गुंडाळला, तिला ऊब दिली, हात जोडले, तेव्हा कुठं ती घुरघुरत उठली. तो तसाच धावत खाली आला.

"फोर्तुनातो, पेटी मरायला टेकलीय. मी तिला खाली शहरात, वारासला नेतो. पण तेवढे दिवस बटण परत बसवा. गाव उघडं पडेल."

फोर्तुनातोनं टोपी मागं सारली. "वा रे! इतकी वर्षं तुझ्याजवळ राहून पेटीलाही भीतीची लागण झाली की काय? ने तिला. बटणाचं नाव काढू नकोस. दोनातिलाचा एक पाय अजून शाबूत आहे."

सोसिमोनं पेटी घोंगड्यात गुंडाळून खेचरावर घातली, आणि पुढं गाडीत मांडीवर घेऊन बसला. सगळ्या वाटेनं त्याला एकच दिसत होतं, वर तळं आहे, खाली गाव आहे, आणि मधे कोणी नाही.

वारासच्या बाजारामागं ओतिलिया मागिन्याचं दुरुस्तीचं दुकान होतं. बाई बडबडी, हातात सोल्डरिंगची कांडी आणि तोंडात शेंगदाणे. मागच्या फळ्यांवर लोकांनी टाकून दिलेले जुने कॉम्प्युटर ओळीनं मांडलेले, धूळ पुसलेले. ते विकायचे नव्हते. ती ते हौसेनं चालू ठेवायची. सोसिमोची पेटी उघडल्यावर तिनं लांब शीळ घातली.

"ही अजून जगात आहे? कुठं ठेवली होतीस, ताइता?" थोराला बाबा म्हणावं तसं तिनं विचारलं.

"केल्वाकोचावर."

"इतक्या उंचावर? मग बरोबर आहे." तिनं डिस्क बाहेर काढून तळहातावर तोलली. "बघ, हिच्या पोटात तबकडी फिरते आणि तिच्यावर एक सुई तरंगते. कशावर तरंगते? हवेवर. वर तुमच्याकडे हवा आहे कुठं? सुई टेकते, घासते, तबकडी खरवडते. ही इतकी टिकली हाच चमत्कार."

"मग दुसरी घाल."

"तीही मरेल. आणि नवा कॉम्प्युटर घेतलास तर त्यावर तुझा हा जुना प्रोग्राम चालणार नाही." ती शेंगदाणे चघळत विचार करत राहिली. "फिरणारं काही नकोच. कॅमेऱ्याचं कार्ड घालू."

सोसिमोला वाटलं ती थट्टा करतेय. पण तिनं खणातून एक छोटीशी पट्टी काढली, एका टोकाला जुन्या डिस्कची वायर बसेल अशी, दुसऱ्या टोकाला चपटं कार्ड शिरेल अशी खाच. "हे कार्ड पेटीला सांगणार, मीच तुझी डिस्क. पेटी म्हातारी, तिला काही फरक कळत नाही. हलणारं काही नाही, झिजणारी सुई नाही, हवा असो नसो."

अडचण निघाली ती दुसरीच. ओतिलियाकडची कार्डं नवी, पोटानं मोठी. पेटीला इतका मोठा आकडा मोजता येईना आणि ती रुसून बसली. जुनं, लहान कार्ड हवं होतं. दोघं चौकातल्या मेलानियोकडे गेले. तो लग्नांचे फोटो काढायचा आणि काही म्हणून टाकायचा नाही. त्यानं डब्यातून दोन कार्डं काढली, बिस्किटाएवढी, कोपरे झिजलेली.

"यावर कोणाचं तरी लग्न आहे," ओतिलिया म्हणाली.

"पुसा बिनधास्त. ती दोघं आता रस्त्यात भेटली तरी बोलत नाहीत."

आता जुन्या डिस्कनं एकदा, शेवटचं, नीट फिरायला हवं होतं. वारासची हवा जरा दाट, त्यामुळे ती फिरली, पण मधेच खर्रर्र आवाज करून थांबली. सोसिमोच्या तोंडचं पाणी पळालं. ओतिलियानं तिला आडवी केली, उभी केली, शिव्या दिल्या, लाडीगोडी लावली. डिस्क पुन्हा फिरली. जे होतं ते कार्डावर उतरलं, आणि मग डिस्क एकदाच टक् करून कायमची गप्प झाली.

ओतिलियानं दुसऱ्या कार्डावरही तेच उतरवून त्याच्या हातात दिलं. "हे जवळ ठेव. आणि ऐक. तुझी पेटी सारखं काही ना काही लिहीत असते. कार्डाला तेवढं सोसत नाही, लिहून लिहून ते दमतं. डिस्क मरताना ओरडते. कार्ड ओरडत नाही. आत्ता असतं आणि आत्ता नसतं."

हे तिनं सांगायला नको होतं. की बरं झालं सांगितलं?

पेटी पुन्हा वर गेली, चालू झाली, पडद्यावर आकडे आले. सगळं ठीक. पण खोलीत आवाज नव्हता. सोसिमो जागच्या जागी बसून कान देत राहिला. वर्षानुवर्षं खोकणारं माणूस एकाएकी खोकेनासं झालं की आपण आधी त्याच्या नाकाशी सूत धरतो. पेटीचं नाक कुठं शोधायचं? शेवटी त्याला पडद्याच्या कोपऱ्यातलं घड्याळ सापडलं. सेकंदाचा आकडा बदलतोय, म्हणजे जिवंत आहे. मग तो बघतच राहिला. सूप ढवळताना बघायचा, सौरपट्टी पुसून आला की आधी घड्याळ, लघवीला जाऊन आला की घड्याळ.

निकोलासानं लोकरीची छोटी पिशवी विणून दिली आणि त्यानं दुसरं कार्ड त्यात घालून गळ्यात बांधलं. रविवारी गावात त्यावरही टवाळी झाली.

"काय रे, ताईत म्हणून संताचं हाड ठेवलंस का त्यात?"

"नाही. पेटीचा जीव आहे."

"आणि तुझा कुठंय? घरी विसरलास?"

हवा उबदार झाल्यावर कडा दुपारी बोलायला लागतो. त्या दिवशी तर सकाळपासूनच वरून टकटक, करकर चालली होती. सोसिमोनं भाकरीचा तुकडा मोडला, घड्याळ बघितलं. आकडा पळत होता. तो बाहेर येऊन उन्हात बसला.

मग कडा सुटला.

आवाज नंतर आला. आधी त्याला दिसलं ते एवढंच, की डोंगराची एक पांढरी बाजू जागेवर नाही. मग ती तळ्यात होती, मग गडगडाट, आणि तळ्याच्या पलीकडच्या टोकाला पाणी उभं राहिलं. हिरवं, उंच, गुळगुळीत. ते अलीकडे यायला लागलं.

तो आत धावला. आता भोंगा वाजणार, वाजलाच असणार. त्यानं पडद्याकडे बघितलं. सेकंदाचा आकडा हलत नव्हता.

त्यानं डोळे मिटून उघडले. आकडा तोच.

त्यानं गावाशी बोलायचा रेडिओ ओढला.

"फोर्तुनातो! फोर्तुनातो, पाणी आलं! पळा!"

खरखर झाली. "कोण, मांचाली? आज काय ढग बघितलास का?"

"कडा पडला! पाणी बांधावर येतंय!"

"भोंगा तर गप्प आहे. तुझी पेटी काय म्हणते?"

"पेटी मेलीय!"

"पेटी मेली आणि तू तेवढा उरलास. कोकाची पानं चघळ, स्वस्थ बस. इथं बटाटे काढायला माणसं ओढ्याकाठी वाकलीत, तुझ्यासाठी त्यांना डोंगर चढायला लावू?"

"फोर्तुनातो, आईशप्पथ..."

पण तेवढ्यात लाट बांधावर आली. खोली हलली, भिंतीवरचा डबा पडला, आणि दाराबाहेरून वास आला. खोल खणलेल्या ओल्या मातीचा.

मागं उतार होता, मेंढ्यांची पायवाट होती. पळाला असता तर तो वाचला असता, त्यात शंका नव्हती. त्याचे पाय दारापर्यंत गेलेही. तिथं उभा राहून त्यानं तोंड उघडलं आणि त्याला ते उघडं तोंड ओळखीचं वाटलं. त्यातून आवाज काही येत नव्हता.

तो परत फिरला.

पेटी बंद केली. मागचं झाकण ओढलं. कार्ड बाहेर येईना. नखं घालून उपटलं, नख मोडलं. गळ्यातल्या पिशवीची गाठ सुटेना, दातांनी तोडली. दुसरं कार्ड खाचेत शिरण्याऐवजी आजूबाजूला आपटत होतं. "शीर," तो म्हणाला. "शीर, शीर, बाई." शिरलं. त्यानं पेटी चालू करायचं बटण दाबलं.

पेटी म्हातारी. उठल्यावर ती आधी आपली स्मृती मोजते, एकेक आकडा चढवत, जणू जगात घाई नावाची गोष्टच नाही. सोसिमो गुडघ्यांवर बसून ते आकडे बघत होता. बाहेर बांध खचायला लागला होता; मोठमोठे धोंडे गडगडत होते आणि खोलीची दगडी पायरी नाहीशी झाली होती. तो रडत होता, हे त्याला पडदा धुरकट दिसायला लागल्यावर कळलं. आकडे थांबले. काळा पडदा. काहीच नाही. अजून काही नाही. मग एक ओळ आली, दुसरी आली, आणि कोपऱ्यात घड्याळ उमटलं आणि सेकंद पळायला लागला.

तळं भराभर उतरत होतं. पेटीनं ते एकदा मोजलं, पुन्हा मोजलं.

उघड्या रेडिओतून आधी बारीक, मग मोठा, कण्हत चढणारा आवाज आला. शाळेच्या छपरावरचा भोंगा. आणि त्याच्यावर फोर्तुनातोचा आवाज, न ओळखू येणारा: "अरे देवा! पळा! ओढ्यातून बाहेर निघा! सगळे वर, सगळे वर!"

सोसिमो खिडकीतून बाहेर पडला, कारण दाराच्या बाजूला आता जमीन नव्हती. पायवाटेनं तो चार पायांनी चढला. मागं पत्रा कुरकुरला आणि खोली, पेटी, सगळं काही बांधाबरोबर गेलं.

खाली पाणी गावात शिरलं तेव्हा गाव टेकडीवर होतं. फोर्तुनातोनं दारोदार फिरून सगळ्यांना हाकललं होतं, आणि शेवटी दम लागून तो दगडावर कोसळला. दोनातिलाला नातवंडांनी घोंगडीच्या झोळीत घालून वर आणलं आणि ती झोळीतून ओरडत होती, "पुन्हा त्या मांचालीनं वाजवलं असेल तर या वेळी मी त्याचा पाय मोडीन!" मग वळणावरून चिखलाची भिंत आली आणि म्हातारी गप्प झाली.

पूल गेला, गिरणी गेली, ओढ्याकाठची शेतं दगडांखाली गेली. सोसिमो-निकोलासाचं घर गेलं. आणि फोर्तुनातोचा धाकटा भाऊ विल्डर गेला. तो पाण्याचा पंप सोडवायला परत फिरला होता.

सोसिमो संध्याकाळी खाली पोचला. निकोलासानं त्याला आधी मिठी मारली, मग दोन्ही मुठींनी छातीवर बुकलून काढलं, मग परत मिठी मारली. फोर्तुनातो लांबून बघत होता. बऱ्याच वेळानं तो जवळ आला. डोळे लाल.

"तू सांगत होतास," तो म्हणाला. "मी भोंग्याची वाट बघत बसलो. तेवढी मिनिटं मिळाली असती तर विल्डरनं पंप काढून घेतला असता आणि वर आला असता."

"मीही त्या दिवशी, धुक्यात..." एवढं सोसिमो म्हणाला. फोर्तुनातोनं मान हलवली आणि दोघं एकमेकांशेजारी, अंधार पडेपर्यंत, खालच्या चिखलाकडे बघत बसले.

पाऊसकाळाआधी सरकारी माणसं आली. तळ्यात अजून अर्धं पाणी होतं. नवी खोली बांधापासून लांब, वरच्या उतारावर बांधली, नवा दांडा बसवला. पेटी मात्र ओतिलियानं दिली, तिच्या हौसेच्या फळीवरची, तशीच म्हातारी, आत मेलानियोच्या डब्यातलं आणखी एक कार्ड. जुना प्रोग्राम तिच्याकडे जपलेला होता. तिनं या वेळी कमी लिहायला शिकवलं होतं पेटीला, आणि खोलीत लाल बटणही परत आलं होतं.

ग्रामसभा भरली. वर कोण जाणार, असं फोर्तुनातोनं विचारलं. कोणी हसलं नाही. तरणीताठी पोरं आपापल्या चपलांकडे बघत होती. ज्यानं संताच्या हाडाची थट्टा केली होती, तो बाहेर सिगारेट ओढायला गेला.

सोसिमोनं हात वर केला.

"वेडा झालास का?" निकोलासा कुजबुजली. "तुला भीती नाही वाटत?"

"वाटते की," तो म्हणाला. "गावात बसलो तर आणखी वाटेल. तिथून निदान दिसतं."

त्यानंतर कितीतरी वर्षं तो वर जात राहिला. सोबतीला पाळीपाळीनं एक माणूस असायचा, आणि तो माणूस प्रत्येक वेळी खाली येऊन सांगायचा, मांचालीबरोबर राहणं अवघड आहे, जेवताना देखील घड्याळाकडे बघतो. सोसिमो गेला तो टेकडीवरच्या नव्या घरात, निकोलासाच्या शेजारी, फुप्फुसांच्या दुखण्यानं. तळं तेव्हा शांत होतं.